छत्तीसचा आकडा

स्वस्त वस्तू विकत घेण्याची ऐपत फक्त श्रीमंतांचीच असते, असे माझे फार दिवसांचे मत आहे. हे वाचून कोणाला हसू आले तर त्याने खुशाल हसावे, दिवाळीच आहे. पण क्षणभर विचार करून पाहावा. श्रीमंत मनुष्य स्वस्तातली छत्री आणतो, ती पहिल्या पावसात उलटी होते आणि तो दुसरी आणतो. गरिबाची छत्री उलटी झाली की तो भिजतो. म्हणून बेताच्या मिळकतीच्या घरात कुठलीही खरेदी म्हणजे मुलीचे लग्न जुळवण्याइतकी गंभीर गोष्ट असते. दहा दुकाने पाहायची, तीन जाणकारांना विचारायचे, घरी येऊन पुन्हा हिशेब मांडायचा, आणि मग मुहूर्त पाहून पिशवी उचलायची.

अशाच एका खरेदीत यंदा जाणकार म्हणून माझी नेमणूक झाली. आमच्या शेजारची मुलगी यंदापासून फोटोग्राफी शिकू लागली आहे. वडील नाहीत. आई दिवाळीच्या दिवसांत फराळाच्या ऑर्डरी घेते. चकली, शेव, अनारसे. वर्षाचे उरलेले महिने डबे करते. एका संध्याकाळी मुलगी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काकाजी, मला एक रीळवाला कॅमेरा पाहून द्याल का? सर म्हणून राहिले, पहिले सहा महिने रिळावरच शिकायचं. महिन्याला एक रीळ."

माझ्या कपाटात जुने कॅमेरे आहेत हे गल्लीत सर्वांना ठाऊक आहे. त्यांतला एकही आता चालत नाही, हे फक्त आमच्या सौभाग्यवतींना ठाऊक आहे. पण मी हो म्हटले, आणि बजेट किती म्हणून विचारले. बारा हजार. हा आकडा कुठून आला ते मागाहून तिच्या आईकडून कळले. वहिनींनी घरघंटीसाठी पैसे जमवले होते. भाजणीच्या पिठासाठी धान्याची पिशवी घेऊन चक्कीवर जायचे, रांगेत बसायचे आणि दुसऱ्याच्या गव्हाच्या पिठात आपली भाजणी मिसळली तर जात नाही ना म्हणून डोळ्यांत तेल घालून पाहायचे, हा त्यांचा नेम. घरघंटी आली की तो चुकणार होता. ते पैसे त्यांनी मुलीच्या हाती दिले होते.

तरी मनातली शंका त्यांनी मला बोलून दाखवलीच. "भाऊजी, तिच्याजवळ फोन आहे ना. त्यात तर दिवसाला दोनशे फोटो काढून राहिली. मग हे जुनं डबडं कशाला?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हटले, "वहिनी, तेलात सोडलेली चकली पुन्हा पिठात येते का?"

"नाही."

"म्हणून तर सोऱ्या दाबायच्या आधी तुम्ही तेलाकडे पाहता. फोनमध्ये बिघडलेला घाणा पुसून टाकता येतो, आणि तोही फुकट. त्यामुळे तेल किती तापले हे पाहायची सवयच लागत नाही."

त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे फोटो काढण्याआधी पाहायला शिकून राहिली." फोटोग्राफीच्या शिक्षणाची याहून नेटकी व्याख्या मी अजून ऐकलेली नाही.

कॅमेऱ्यासाठी घरातली पुंजी मोडण्याची आपल्या मुलखात मोठी परंपरा आहे. मुंबईत फोटोचा धंदा करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९६ साली वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे पाहिली आणि विलायतेहून २१ गिनींचा कॅमेरा मागवला. १८९९ साली त्यांनी त्यावर चित्रित केली ती कुस्ती! दादासाहेब फाळक्यांनी तर आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. पण आणल्या आणल्या राजा हरिश्चंद्राच्या मागे लागले नाहीत. आधी एका कुंडीत वाटाणा पेरला, त्याला अंकुर फुटून वेल कसा वाढतो ते एकेक चित्र घेऊन टिपले, आणि ते पाहून पुढच्या चित्रपटाला पैसे मिळाले. 'राजा हरिश्चंद्र' आला तो १९१३ साली. शिकणाऱ्याने यातून घ्यायचे ते एवढेच, की कॅमेरा हाती आल्यावर आधी कुंडीतला वाटाणा टिपावा. हरिश्चंद्र मागाहून येतो.

असो. आम्ही सीताबर्डीला निघालो. बर्डीच्या गर्दीत एका जिन्याखाली जुने कॅमेरे दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात. त्यांनी टेबलावर एकेक स्थळ मांडायला सुरुवात केली.

पहिले स्थळ माझ्या ओळखीचे निघाले. आग्फा क्लिक थ्री. बडोद्यात तयार होणारा हा काळा डबा एके काळी मध्यमवर्गाच्या घरोघरी होता. आमच्याही घरी होता. एका रिळात बारा चौकोनी फोटो निघत. दिवाळीला एक रीळ येई आणि सगळ्या घराला ते पुरवावे लागे. कॅमेऱ्यावर ऊन आणि ढग अशा खुणा. आपण आकाशाकडे पाहायचे आणि दांडी सरकवायची. माझे मन तिथे फार रेंगाळले. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने तो कामाचा नव्हता. त्याला फोकस करावा लागत नाही, वेग बदलता येत नाही. ज्यात चुकायला वाव नाही, त्यात शिकायला काय असणार?

दुसरे स्थळ दिसायला देखणे. याशिका इलेक्ट्रो ३५. १९६६ साली बाजारात आला आणि पुष्कळ वर्षे मिरवला. भिंग फार सुरेख. परंतु त्यात आपण छिद्राचा आकार ठरवायचा, आणि पडदा किती वेळ उघडा राहील ते कॅमेरा स्वतःच्या मनाने ठरवणार. म्हणजे अर्धा अभ्यास कॅमेराच करून टाकणार. शिवाय त्यासाठी बनवलेली पाऱ्याची बॅटरी आता बाजारात मिळत नाही. जुळवाजुळव करावी लागते.

तिसरा पेंटॅक्स के १०००. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षे हा बनत होता, आणि जगभरच्या किती विद्यार्थ्यांनी त्यावर धडे गिरवले असतील याची गणती नाही. एका सेकंदापासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सगळे वेग यंत्रावर चालतात. बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजायला. मुलीचे डोळे त्याच्यावर खिळले. किंमत विचारली. बरोबर बारा हजार! हल्ली तरुण मंडळींना रिळाचे वेड पुन्हा लागले आहे, त्यामुळे त्याचा भाव चढला आहे, असे कारागीर म्हणाले.

"घेऊन टाकू का काकाजी?" तिने हळूच विचारले.

माझी सारी नोकरी हिशेबाच्या खात्यात गेली. मी खिशातून कागद काढला आणि तिलाच आकडे मांडायला लावले. छत्तीस फोटोंचे कृष्णधवल रीळ नऊशे रुपयांना. धुऊन घ्यायचे दोनशे. अकराशेला छत्तीसने भागले की एका फोटोला तीस रुपये पडले. सहा महिन्यांची सहा रिळे, म्हणजे सहा हजार सहाशे. गाय घेणारा दुधाचा हिशेब करतो आणि चाऱ्याचा विसरतो, तशातली ही गत. बारा हजारांची गाय दारात बांधली, आता तिला घालायचे काय? पैसा आणि हौस यांचा छत्तीसचा आकडा असतो म्हणतात. इथे तर तो रिळाच्या वेष्टनावरच छापलेला होता.

मग चौथे स्थळ पुढे आले. झेनिट-ई. मॉस्कोजवळ क्रास्नोगोर्स्क येथे बनलेला, हातोडीसारखा दणकट, भिंगासकट वजन जवळजवळ किलोभर. भिंग हेलिओस, ५८ मिलिमीटरचे. वेग पाचच, तिसाव्या भागापासून पाचशेव्या भागापर्यंत. प्रकाश मोजणारा काटा मात्र निपचित पडलेला. अशा कॅमेऱ्यांत सेलेनियमचा घट असतो. त्याला बॅटरी लागत नाही, पण वय झाले की तो थकतो. त्या काट्यापायीच किंमत उतरली होती. साडेचार हजार.

मुलीचा चेहरा उतरला. सुंदर मुलाचे स्थळ नाकारून आईबापांनी शहाणा मुलगा पसंत करावा, तसे तिला झाले असावे. मी म्हटले, "आधी तपासून तर पाहू."

आम्ही पाठ उघडली. दिव्यासमोर धरून पडद्याला कुठे टाचणीएवढे भोक आहे का ते पाहिले. पाचही वेगांवर कळ दाबून ऐकले. प्रत्येक वेगाचा आवाज निराळा यायला हवा, तो आला. भिंगातून टॉर्चचा उजेड आरपार टाकला. पावसाळ्यात कपाटात पडलेल्या भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात, ती बुरशी. ती नव्हती. छिद्राची कडी फिरवून पाहिली. या भिंगात फोकस करताना छिद्र उघडे ठेवायचे आणि कळ दाबण्यापूर्वी हाताने मिटायचे. मिटताना डोळ्यासमोरचे दृश्य हळूहळू अंधारते. मुलीने ते दोनदा केले, तिसऱ्यांदा केले, आणि म्हणाली, "काकाजी, उजेड हातात आल्यासारखा वाटते." मी कारागिरांकडे पाहिले. सौदा झाला होता.

काट्याचे काय, हा प्रश्न उरला होता. त्याला जुना तोडगा आहे. शंभर वेगाचे रीळ असेल तर लख्ख उन्हात छिद्र सोळावर ठेवावे आणि पडदा सेकंदाच्या एकशे पंचविसाव्या भागावर. ढग आले की छिद्र एक घर उघडायचे, सावलीत आणखी दोन-तीन घरे. आणि लख्ख ऊन म्हणजे काय, हे नागपूरकराला शिकवावे लागत नाही! मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा झिरो माइलच्या घोड्यांनासुद्धा घाम फुटत असेल.

या उन्हाचा जाच होतो तो रीळ धुताना. पुस्तकात लिहिलेले असते, डेव्हलपर वीस अंशांवर ठेवावे. आमच्या टाकीचे पाणी उन्हाळ्यात हात पोळेल असे. म्हणून माठातले पाणी घ्यायचे, घमेल्यात बर्फाचे खडे टाकायचे, त्यात बाटली उभी करायची आणि थर्मामीटरवर डोळा ठेवायचा, हे मी तिला आताच शिकवून ठेवले आहे. कॉलेजच्या डार्करूममध्ये स्वतः रीळ धुतले की धुलाईचे दोनशेही बरेचसे वाचतात. शिवाय पाच-सहा जणांनी मिळून शंभर फुटांचे सलग रीळ आणले आणि अंधारात रिकाम्या डब्यांत भरून घेतले, तर त्यातून छत्तीस फोटोंची अठराएक रिळे निघतात, आणि सुटे घेण्यापेक्षा ती बरीच स्वस्त पडतात. कॅमेऱ्यासाठी वहिनींनी अनारशांचा घट्ट झाकणाचा डबा दिला. त्यात औषधाच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आहेत. स्कूटरच्या डिक्कीत, उन्हात, कॅमेरा ठेवायचा नाही, हा शेवटचा नियम.

हिशेब असा बसला. कॅमेरा साडेचार हजार, रिळे आणि धुलाई सहा हजार सहाशे, उरले नऊशे. त्यातून पट्टा आणि एक वही आणली. वहीत प्रत्येक फोटोचा क्रमांक, छिद्र, वेग आणि उजेड लिहायचा.

मला वाटले होते, पोर आता अंबाझरीचा सूर्यास्त काढील, महाराजबाग काढील; सगळेच काढतात. पण एका फोटोचे तीस रुपये, म्हणजे आईची किती चकली, हा हिशेब तिने माझ्या नकळत केला असावा. पंधरा दिवस ती कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडली आणि वहीत जेमतेम नऊ ओळी लिहून झाल्या. एकेका ठिकाणी अर्धा-अर्धा तास उभी राहायची आणि कळ न दाबताच परत यायची. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "ही फोटो काढते की राखण करते?"

पहिले रीळ धुऊन आले तेव्हा छत्तिसांपैकी चौदा वाया गेले होते. कुठे हात हलला होता, कुठे घरातला उजेड कमी पडला होता. वही उघडून तिने चौदाही ठिकाणी कारण लिहिले. बाकीच्यांत एक फोटो होता. पहाटेचा, स्वयंपाकघराच्या खिडकीजवळचा. सोऱ्यावर दाबलेले वहिनींचे दोन हात, मनगटाची शीर ताणलेली, कपाळावर खिडकीतला उजेड, आणि नजर तेलावर. त्या घराचे आल्बम मी पाहिले आहेत. लग्न, बारसे, मुंज, सगळ्या फोटोंत वहिनी एका कडेला, हातात तबक किंवा वाढणी, आणि बहुधा अर्ध्या कापल्या गेलेल्या. काम करताना त्यांना कोणी पाहिले होते, असा हा पहिलाच कागद.

वहिनींनी तो उजेडाकडे धरला. "हात किती म्हातारे दिसून राहिले," एवढेच म्हणाल्या. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मुलीला सांगितले, "अजून एक काढून आण. माझ्या आईला पाठवते."

आता दुसरे रीळ चालू आहे. मुलीने एक नियम केला आहे: प्रत्येक रिळातला छत्तिसावा फोटो आईने सांगायचा. रोज रात्री डब्यांचा हिशेब झाला की वहिनी विचारतात, "आता किती उरले?" आणि हा प्रश्न पैशांचा नसून फोटोंचा आहे, हे आता आम्हा सर्वांना कळते. परवा धनत्रयोदशीच्या खरेदीला मायलेकी इतवारीत गेल्या होत्या, तेव्हा आकडा पस्तिसावर होता. एका दुकानाच्या दाराशी वहिनी थांबल्या आणि म्हणाल्या, "हिचा काढ." आत झेंडूचा हार घातलेली नवी कोरी घरघंटी होती. मुलीने छिद्र उघडले, फोकस केला, छिद्र मिटले, श्वास धरला आणि कळ दाबली.

"यंदा फोटो येऊ दे घरी," वहिनी म्हणाल्या, "ती पुढच्या दिवाळीला येईल." आणि चक्की बंद होण्याआधी पोचायचे म्हणून पिशवी सावरून भराभरा चालू लागल्या.