वळणारा हात

गेल्या हिवाळ्यात दुबईहून आलेल्या मामेभावाने आमच्या हातावर एक चिरूट ठेवला. अंगठ्याएवढा जाड, शिसवी लाकडासारखा काळसर. "मास्तर, ओढून सांगा, कसा आहे!" किंमत ऐकली तेव्हा कळले, तेवढ्यात आमच्या घरात आठवड्याची भाजी येते. शाळेच्या भिंतीवर 'तंबाखूमुक्त शाळा' ही अक्षरे आमच्याच हातची. पण उत्सुकता वाईट. रात्री जेवणे झाल्यावर नावड्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर भाऊ पुढे आणि आम्ही मागे, असे चढलो. खालून दिवा-पनवेल मार्गावरची मालगाडी खडखडत चालली होती.

भावाने आधी शिकवणी घेतली. आत गाभ्याची पाने, त्यांना बांधणारे पान आणि सर्वांवर गुंडाळलेले पान, अशी चिरुटाची तीन अंगे. वरचे पान असे गडद असले की त्याला 'मादुरो' म्हणतात. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ पिकलेले. फिकट पानांपेक्षा ही पाने ढिगात जास्त दिवस, जास्त उबेत मुरवतात. त्याने रंग काळवंडतो आणि चवीला गोडी येते. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा. राख न झडता किती टिकते तेही पाहायचे.

पहिल्या झुरक्याला करपलेल्या गुळाची चव आली. मग कोऱ्या कॉफीचा कडवटपणा आणि शेवटी जिभेच्या टोकाला मिरीची चुणचुण. तेवढ्यात तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा सुटला आणि रसायनांच्या वासात आमची परीक्षा बुडाली. "दहापैकी किती?" भावाने विचारले. वह्या तपासायच्या सवयीने आम्ही 'साडेसात' म्हणणार, इतक्यात जिन्यात अम्मीचा खोकला ऐकू आला.

अम्मी सोलापूरची. आमच्याकडे राहायला येईपर्यंत तीस वर्षे तिने विड्या वळल्या. रात्री तेंदूची पाने भिजवून ठेवायची, सकाळी पत्र्याच्या मापाने कापायची. मांडीवर सूप, सुपात निपाणीचा जर्दा. त्याच निपाणीत १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या. अम्मीने मात्र भाव कधी विचारला नाही, फक्त हजार पुरे केले. कारखान्यात तपासणारा एकेक जुडी चाचपायचा. सैल, फाटकी, शीर वर आलेली विडी 'छाट' म्हणून बाजूला पडायची. छाटीचे पैसे नाहीत.

विडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती आम्हाला मिळत असे. १९७६च्या कायद्याने विड्यांवर उपकर बसवून जो कल्याण निधी उभा राहिला, त्यातली ती. बी.एड.ची फी अम्मीने सुपातूनच भरली. भिंतीवर तंबाखूविरुद्ध लिहिणाऱ्या आमच्या हाताला अक्षर तंबाखूनेच दिले, हे आम्ही वर्गात कधी सांगितलेले नाही.

आम्ही चिरूट पाठीमागे लपवला. तिने काही न बोलता हात पुढे केला. जळते टोक दूर धरून तिने मधला भाग अंगठ्याने दाबून पाहिला. पान कुठे संपते ती कड नखाने शोधली. जिन्यातल्या दिव्याखाली नेऊन शिरा पाहिल्या. मग म्हणाली, "छाट नै है. हात अच्छा है किसी का."

आणि भाच्याकडे वळून विचारले, "बेटा, दिन में कितने बनाती होगी? हजार पे क्या मिलता उसको?"

वळणारी बाईच असणार, हे तिने धरूनच चालले होते. भावाला चिरुटाचा देश माहीत होता, पान किती मुरले ते माहीत होते, किंमत तर तोंडपाठ होती. "फुफी, ये तो पता नहीं," एवढेच तो म्हणाला.

अम्मीने चिरूट कठड्यावर विझवला. "सुबू बच्चों को पढाना है ना तुझे?" म्हणाली आणि खोकत खाली गेली.

गुण द्यायचे राहूनच गेले. उत्तरपत्रिका कोणाची हे परीक्षकाला कळता कामा नये, असे आम्हाला शिकवले गेले आहे. अम्मीने मात्र सगळ्यात आधी तेच विचारले होते.