बसणे आणि जुळणे

‘बसणे’ आणि ‘जुळणे’ ही दोन क्रियापदे आपण व्यवहारात बेलाशक एकमेकांच्या जागी वापरतो. डब्यावर झाकण बसले, की आपल्या लेखी ते त्याचेच झाकण होते. लग्नाच्या बाबतीत मात्र आपण इतके उदार नसतो. तेथे छत्तीस गुणांचा हिशेब मांडल्याखेरीज आपले समाधान होत नाही. ही चिकित्सा विजेच्या बाबतीतही दाखवावी, असे मला गेल्या वैशाखात बुरोंडीस प्रकर्षाने वाटले.

दापोली तालुक्यातील या समुद्रकाठच्या गावी माझ्या थोरल्या बंधूंचे कौलारू घर आहे. २०२४ साली केंद्र सरकारने घरगुती सौरविजेसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले, तेव्हा दादांनीही पडवीच्या छपरावर सहा पॅनेल चढवले. पॅनेलच्या तारांना एका कारखान्याचे जोड होते. इन्व्हर्टरकडे उतरणाऱ्या तारांना मात्र बसवणाऱ्याने दुसऱ्याच कारखान्याचे लावले होते. त्याला बोलावून विचारले, तर तो हसून म्हणाला, ‘‘बसतंय ना सर, खट्कन आवाज येतोय. मग झालं!’’

बाजारात या जोडांना सरसकट ‘एमसी फोर’ म्हणतात. वास्तविक हे नाव मल्टी-कॉन्टॅक्ट या स्विस कंपनीच्या जोडाचे. त्यातील चार हा आकडा आतल्या पिनेचा मिलिमीटरमधील व्यास. पुढे अनेकांनी तोच घाट उचलला आणि आपल्या मालावर ‘एमसी फोरशी सुसंगत’ असा शिक्का मारला. परंतु ही सुसंगतीची ग्वाही एकतर्फी आहे. आतल्या स्प्रिंगचा दाब, धातूवरील मुलामा, रबरी कड्याची जाडी, यांची मापे ज्याची त्याची निराळी. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मानक सांगते, की एकमेकांत जाणारे दोन्ही भाग एकाच उत्पादकाचे आणि एकाच प्रकारचे असावेत.

केसभर फरकाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. धातूचा स्पर्श सैल राहिला, किंवा कड्यातून कोकणची खारी हवा आणि पाऊस आत शिरला, की तेथील विरोध वाढतो. तो एका ओहमचा दहावा हिस्सा झाला आणि तारेतून दहा अँपियरचा प्रवाह वाहत असला, तर बोटाच्या पेराएवढ्या जागेत दहा वॅट उष्णता कोंडते. प्लास्टिक मऊ पडते, फट वाढते आणि ठिणगी उडते. घरातला नेहमीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो; ठिणगी विझण्यास तेवढी संधी मिळते. पॅनेलचा प्रवाह एकदिश असतो. त्याला ही विश्रांती नाही, आणि सूर्य मावळेपर्यंत तो उगमापाशी बंदही करता येत नाही.

दादांना हे चटकन पटले नाही. ज्या घराने ३ जून २०२० चे निसर्ग वादळ सोसले, त्याचे हा बोटभर जोड काय वाकडे करणार, असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, ‘‘दादा, वादळाची वर्दी आधी येते. हा मुकाट्याने तापतो, आणि तोही जुन्या वाशांवर, खाली पेंढा रचलेला असताना.’’ पेंढ्याचे नाव निघताच ते गंभीर झाले.

दापोलीहून दुसरा जाणता कारागीर आला. त्याने प्रथम इन्व्हर्टर आणि एकदिश प्रवाहाचा खटका बंद केला, कारण चालू प्रवाहात जोड ओढणे म्हणजे ठिणगीला स्वतः आमंत्रण देणे. मग परके जोड कापून पॅनेलच्याच जातीचे जोड योग्य पकडीने दाबून बसवले. खर्च काहीशे रुपयांचा. उतरवलेल्यांपैकी एका जोडाच्या पिनेवर हिरवट-काळे पुट चढले होते. त्याने एकच पावसाळा पाहिला होता.

छपरावर वीज पिकवू पाहणाऱ्या वाचकांना माझी एवढीच विनंती आहे, की कामाचे पैसे चुकते करण्यापूर्वी प्रत्येक जोडाच्या दोन्ही भागांवरील नाव आणि प्रकार वाचून दाखवण्यास सांगावे. दोन निराळी नावे निघाली, तर खट्कन आवाज कितीही गोड आला तरी तो जोड बदलून घ्यावा.