खंजिरी की चाळणी?

आजोबांच्या खंजिरी भजनांची एकच कॅसेट घरात होती. तुकडोजी महाराजांची भजनं, महाल भागातल्या जुन्या घराच्या ओसरीवर टेप केलेली. बर्डीवरच्या एका दुकानातून मी तिच्या एका बाजूची एमपीथ्री करून सीडीवर घेतली. ४५ मिनिटांची सलग फाइल, १२८ केबीपीएस, जेमतेम ४३ एमबी. फीत पुढे बुरशीनं चिकटली, फेकून दिली.

भजनं सुटी करायची होती, आजोबांचा खोकला काढायचा होता. फाइल ऑडॅसिटी सॉफ्टवेअरमध्ये उघडली, कापली, पुन्हा एमपीथ्री केली. दुसऱ्या रात्री तीच उघडून आवाज वाढवला, परत एमपीथ्री. अशा पाच-सहा रात्री गेल्या. मग मोठ्या हौसेनं काकांना ऐकवलं.

‘‘हे काय वाजवून राहिला रे? बाबांची खंजिरी आहे का पिठाची चाळणी?’’

खरंच होतं. झांजांची खणखण गेली होती, नुसती ओली सळसळ उरली होती. एमपीथ्री बनताना कानाला फारसं कळणार नाही असा आवाज गाळला जातो. ऑडॅसिटी फाइल उलगडते आणि पुन्हा एमपीथ्री करताना नव्यानं दाबते, म्हणजे दरवेळी नवी गाळणी. माणसाचा आवाज त्यातून बराचसा निभावतो. खंजिरीची थाप मात्र एकदम येते आणि झांजा वरच्या पट्टीत वाजतात, त्यांचंच पहिलं मरण. सीडी कपाटात होती म्हणून वाचलो.

दुसऱ्यांदा एमपीथ्री डायरेक्टकट घेतलं. छोटंसं, फुकट. ते फाइल उलगडतच नाही, जशीच्या तशी कापतं. एमपीथ्री म्हणजे छोट्या फ्रेमची माळ असते, एकेक फ्रेम सुमारे २६ मिलिसेकंदांची. काप दोन फ्रेमच्या मध्येच बसतो, त्याहून बारीक नाही. भजनाला तेवढं पुरे. एक खोडी आहे: फ्रेमचा काही ऐवज कधीकधी आधीच्या फ्रेममध्ये ठेवलेला असतो, त्यामुळे ऐन थापेवर कापलं की सुरुवातीला खुट् होतं. मी आजोबांच्या श्वासाची जागा बघून कापू लागलो. आवाजही न उलगडता वाढतो, पण दीड-दीड डेसिबलच्या पायरीनं. फितीची खरखर मात्र अशी निघत नाही. त्यासाठी उलगडावंच लागतं. मग सगळं काम वेव्ह फाइलमध्ये करून शेवटी एकदाच एमपीथ्री करायची. मी खरखर राहू दिली.

सात भजनं सुटी करून काकांच्या मोबाइलवर टाकली. डोळे मिटून ऐकत होते. दुसरं संपलं, तिसरं सुरू झालं, तसे डोळे उघडले.

‘‘इथं बाबा खोकलत होते ना? काहून काढला?’’

रात्री तिसऱ्या भजनाचा काप चार सेकंद मागे नेला. दीडशेवर फ्रेम.