मस्टर्ड म्हणजे मोहरी
(तृतीय वर्ष, कला)

गेल्या सत्रात विनोदी गद्य शिकवताना सरांनी सहज विचारलं, "इंग्रजी वाचताना तुम्हाला पहिल्यांदा खळखळून हसू कशानं आलं?" कुणी वुडहाऊसचं नाव घेतलं, कुणी जेरोमच्या तीन दोस्तांचं आणि त्यांच्या होडीचं. माझी पाळी आली तेव्हा मी बाकावरचा शाईचा डाग बोटानं पुसत म्हणाले, "आठवत नाही सर." ते साफ खोटं होतं. मला चांगलं आठवत होतं. पण ते पुस्तक नव्हतं. तो हातात धरून खेळायचा एक व्हिडिओ गेम होता, आणि भर वर्गात ते सांगायचं धाडस झालं नाही. वार्षिकांकात मात्र माणूस जरा धीट होतो. समोर कुणी नसतं ना!

२०१६ च्या मे महिन्यात अमेरिकेहून मावसभाऊ कऱ्हाडला आमच्या घरी आला आणि जाताना त्याला नकोसं झालेलं एक यंत्र दादाला देऊन गेला. गेम बॉय अ‍ॅडव्हान्स. निन्टेन्डो कंपनीनं ते २००१ साली बाजारात आणलेलं, म्हणजे वयानं माझ्यापेक्षा मोठं. त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही. दिवसा खिडकीत बसायचं आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली ते आरशासारखं तिरकं धरायचं. "डोळे जातील!" असं आई दर पंधरा मिनिटांनी म्हणायची. त्याला दोन पेन्सिल सेल लागत. घरात घड्याळंही दोनच होती, बाहेरच्या खोलीतलं एक आणि स्वयंपाकघरातलं एक. पुढचं सांगायला नकोच. ज्या दिवशी बाबांची सकाळची एस.टी. चुकली, त्या दिवशी आम्हा दोघांनाही मार बसला.

त्या यंत्राबरोबर एकच खेळ आला होता – 'मारिओ अँड लुईजी : सुपरस्टार सागा'. टोकियोच्या अल्फाड्रीम नावाच्या कंपनीनं तो २००३ साली केलेला. अशा खेळात आपण एखादं पात्र व्हायचं, गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, आणि शत्रू आडवा आला की पाळीपाळीनं वार करायचे. इथं पात्रं दोन. मिशाळ मारिओ आणि त्याचा धाकटा भाऊ लुईजी. लढाईत मारिओ 'ए' बटणानं उडी मारतो आणि लुईजी 'बी' बटणानं. शत्रूचा वार चुकवायचा तर ज्याच्यावर तो धावून येतो त्याचं बटण नेमक्या क्षणी दाबायला हवं.

आता दोन भावंडांच्या हातात एक यंत्र आणि दोन शेजारशेजारची बटणं! दादानं न्याय केला : यंत्र तो धरणार, 'ए' त्याचं, आणि मी उजवीकडून एक बोट पुढं करून 'बी' दाबायचं. अख्खी सुट्टी मी त्याच्या खांद्याला खांदा लावून, मान वाकडी करून बसले. लुईजी मला मनापासून आवडायचा. गोष्टीच्या सुरुवातीला तो बिचारा भावाला नुसता निरोप द्यायला उभा असतो, रुमाल हलवत. तेवढ्यात त्यालाही जहाजावर उचलून नेतात. पुढं कुणालाही त्याचं नाव आठवत नाही. शाळेत मलाही सगळे 'अमक्याची बहीण' म्हणूनच ओळखत. त्यामुळं या बाबतीत मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

बाकी सगळं समजावून सांगावं लागे. आम्ही मराठी माध्यमाचे. दादा नववीत जाणारा, मी सहावीत. तो वाचायचा, हसायचा, मग मला मराठीत सांगायचा आणि मग मी हसायची. खेळातल्या जंगलात एक सरबतवाला आहे. तो पिंपांना रोज विनोद ऐकवतो, कारण विनोद ऐकूनच त्याचं पेय मुरतं. हजार वर्षं मुरलेलं एक पेय तर शेवटी जिवंत होऊन अंगावर येतं! दादानं हे सांगितल्यावर मी इतकी हसले की बोट बटणावरून घसरलं आणि लुईजी आडवा झाला. पण ते हसू दादाच्या मराठीला होतं. पडद्यावरची अक्षरं माझ्यासाठी मुकीच होती.

आणि मग फॉफुल. दुष्ट चेटकिणीचा बुटका, चष्मेवाला, दात विचकणारा शागीर्द. चेटकीण राजकन्येचा गोड आवाज चोरते, त्या जागी राजकन्येच्या तोंडून फुटणारे शब्द स्फोटासारखे बाहेर पडतात, आणि हा पठ्ठ्या मारिओला आव्हान देतो. काय त्याचा आवेश! राजकन्येचा आवाज म्हणजे मालकिणीच्या इच्छांच्या सँडविचचा ब्रेड, आणि ही लढाई म्हणजे त्या ब्रेडवरचं मस्टर्ड! मी शब्दकोश काढला. मस्टर्ड म्हणजे मोहरी. ब्रेडवर मोहरी कशाला, असं विचारलं तर दादा म्हणाला, "फोडणी देत असतील." मला ते पटलं. शिवाय शाळेत नुकताच रूपक अलंकार झाला होता. हे उच्च प्रतीचं इंग्रजी असणार याबद्दल मला शंका उरली नाही.

त्याचं सगळ्यांत गाजलेलं वाक्य म्हणजे 'आय हॅव फ्युरी!' ते तर मला दादाच्या मदतीशिवाय कळलं. मला राग आहे. सरळ, स्वच्छ, आपल्यासारखं. इंग्रजीतलं एक वाक्य न अडखळता थेट मनात उतरण्याची ती माझी पहिलीच वेळ.

जूनमध्ये शाळा उघडली. इंग्रजीत मैत्रिणीशी झालेल्या भांडणावर आठ ओळी लिहायच्या होत्या. मी लिहिलं, 'आय हॅव फ्युरी', आणि पुढं, हे भांडण म्हणजे आमच्या मैत्रीच्या ब्रेडवरचं मस्टर्ड आहे. बाईंनी वही वर्गात मोठ्यानं वाचली. आधी बाई हसल्या, मग सगळे. दहावी होईपर्यंत माझं नाव 'फ्युरी' होतं. निदान 'अमक्याची बहीण' तरी बंद झालं.

घरी येऊन मी वही दादाच्या अंगावर फेकली. त्यानं वाचली आणि तोही हसत सुटला. "अगं वेडे, तो फॉफुल चुकीचंच बोलतो! तीच तर गंमत आहे!" महिनाभर मी जे आदरानं पाठ करत होते, तो विनोद होता. मला तो कळलाच नव्हता. आणि दादानंही सांगितलं नव्हतं. का, असं विचारलं तेव्हा म्हणाला, "मला वाटलं, तुला कळलंय."

आठ दिवस मी 'बी' दाबलं नाही. दादा दोन्ही बटणं एकटा सांभाळायचा आणि हरायचा. नवव्या दिवशी मीच जाऊन शेजारी बसले. फॉफुल आला, पुन्हा काहीतरी उलटंसुलटं बोलला आणि मला हसू फुटलं. दादानं सांगायच्या आधी. सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ते. पण त्या हसण्याला एक काटा होता. मी त्याला हसत होते ते बाईंसारखं, वर्गासारखं. मारिओ-लुईजीला तर भाषाच नाही, इटालियनसारखं काहीतरी बडबडत ते हातवारे करतात. आणि हा एकटा, मोडक्यातोडक्या भाषेत का होईना, पण जराही न लाजता बोलतो. हरला तरी बोलणं सोडत नाही. कंपनीनं पुढं २००९ साली काढलेल्या खेळात तर तोच मुख्य खलनायक झाला. आपल्याला मात्र व्याकरण पक्कं झाल्यावरही इंग्रजीच्या तासाला उभं राहायचं म्हटलं की घशात मोहरी तडतडते.

अल्फाड्रीम २०१९ साली दिवाळखोरीत निघाली. दादा आता पुण्याला नोकरी करतो. या दिवाळीत त्यानं माळ्यावरून ते यंत्र काढलं. घड्याळं न थांबवता, दुकानातून नवे सेल आणून घातले. खेळ पहिल्यापासून सुरू केला. खिडकीत बसून त्यानं न बोलता यंत्र थोडं माझ्याकडं सरकवलं आणि मी बोट 'बी'वर ठेवलं. जहाजावर फॉफुल आला, ब्रेड आला, मस्टर्ड आलं. दादानं सवयीनं घसा खाकरला.

"म्हणजे बघ," तो म्हणाला, "हा काय म्हणतोय, की..."

मी इंग्रजी घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तरी मी त्याला सांगू दिलं.