कागद उघडला, पण वाचणार कोण?



१९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने आपला बेने इस्राएल समाज सर्व बाबतींत यहुदी असल्याचे जाहीर केले. आमच्या घरी ही बातमी शेजाऱ्यांच्या तोंडून आली. एकजण म्हणाला, “पूर्ण मान्यता.” दुसरा म्हणाला, “लग्नाचे सोडून.” वडिलांचे हिब्रू पाव-भाजी आणण्यापुरते. “नक्की शब्द काय आहेत?” असे ते विचारीत राहिले आणि तसेच निवर्तले.

मागच्या शब्बाथनंतर नातीने संगणकावर क्नेसेतची जुनी कार्यवाही काढली व मोडक्या मराठीत अर्थ सांगितला: कोणताही भेद नाही, विवाहादी बाबींतसुद्धा नाही. माझे डोळे भरून आले.

सरकारी कचेऱ्यांतील कागदांसाठी इथे १९९८ साली माहिती-स्वातंत्र्याचा कायदा झाला. नागरिक वा रहिवासी कारण न देता माहिती मागू शकतो. उत्तराची मुदत ३० दिवस, ती वाढवताही येते. महाराष्ट्रात असा कायदा २००२ साली आणि देशपातळीवर २००५ साली आला.

कपाट उघडले हे उत्तमच. परंतु आतला कागद वकिली हिब्रूत असेल, तर आमच्यासारख्यांना ते बंदच. प्रत्येक कायद्याबरोबर सोप्या भाषेत एक पान सरकारने द्यावे. तोवर मुलांनो, तुम्ही घरच्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा. माझ्या वडिलांना उत्तर मिळाले नाही. तुमच्या आजी-आजोबांना तरी मिळू द्या.