धोट्याचे माहेर

माणसाला पुनर्जन्म असतो की नाही, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. वस्तूंना तो असतो, याबद्दल आमच्या गिरगावातल्या चाळीत कधी दुमत झाले नाही. आजीचे नऊवारी विरले की त्याची गोधडी होई, गोधडी विरली की पायपुसणे. बाकीचे जुनेर बोहारणीच्या बोचक्यात जाई आणि त्याच्या बदल्यात फडताळात एक नवे पातेले येई. पूर्वी ही गरज होती. आता तिची हौस झाली आहे.

या हौसेची पंढरी म्हणजे भेंडी बाजाराजवळचा चोरबाजार. मूळ नाव 'शोर बाजार', साहेबाच्या जिभेने त्याचा 'चोर' केला, असे सांगतात. शुक्रवारी भल्या सकाळी तिथे जुम्मा बाजार भरतो. शिवणयंत्राच्या बिडाच्या पायांवर फळी टाकून टेबल करणारे, तांब्याच्या बंबात झाड लावणारे, जहाजावरचा दिवा दिवाणखान्यात टांगणारे असे नाना रसिक तिथे भेटतात. मला तिथे एक धोटा मिळाला. हातभर लांब, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या. मी त्याला चार खुंट्या ठोकल्या आणि दाराशी टांगला. किल्ल्या अडकवायला असे देखणे खुंटाळे साऱ्या चाळीत दुसरे नाही!

भाऊबीजेला आईकडे मामा आले. मामा परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यांच्या हातचा साचा सुटला, तो कायमचाच. त्यांनी धोटा अलगद खाली काढला, किल्ल्या बाजूला ठेवल्या आणि पोकळीत बोट घालून म्हणाले, "इथं कांडी बसायची. आणि हा डोळा बघितलास? जुने साचेवाले यातून तोंडानं सूत ओढून घ्यायचे."

त्या इवल्याशा भोकात केवढा इतिहास दडला आहे! सुताला तोंड लागते, एवढ्या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या कामगारांना अधिक पगाराच्या साचाखात्याचे दार बंद असे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. तो धोटा आता माझ्या किल्ल्या सांभाळीत होता.

"मामा, काढू का या खुंट्या?" मी विचारले.

"कशाला? साचे भंगारात गेले. हा निदान घरात आहे. फक्त कुणी विचारलं तर खुंटाळं म्हणू नकोस, धोटा म्हण."

पुनर्जन्मात मागचे सारे विसरावे लागते म्हणतात. वस्तूंच्या बाबतीत तरी ते आपल्या हाती आहे. यंदा दिवाळीला एखादी जुनी वस्तू दिवाणखान्यात आणलीत, तर तिला घासूनपुसून अवश्य नटवा. पण पाहुण्यांनी कौतुक केले, की तिचे माहेरचे नावही सांगा.