जमिनीला पाणी चालत नाही

लाकडी जमिनीच्या घरात राहायला येईपर्यंत 'लादी पुसणं' ह्या शब्दांत पाणी गृहीत धरलेलं असतं, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. बॉस्टनजवळच्या एका जुन्या तिमजली लाकडी घरात मी तळमजल्यावर भाड्यानं राहते. घर १९२०च्या दशकातलं. जमीन रेड ओकची, सव्वादोन इंच रुंदीच्या पट्ट्या एकमेकींत खाचेनं बसवलेल्या. भाडेकरारात एक ओळ आहे : जमिनीवर पाणी ओतू नये, वाफेचा मॉप वापरू नये. मी सही करून मोकळी झाले. बॅचलर माणसाचं घर, आठवड्यातून एकदा व्हॅक्यूम फिरवला की झालं.

मग एप्रिलमध्ये आई आली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच, सहा महिन्यांसाठी.

आमचं सांगलीचं घर शहाबादी फरशीचं. आईनं लादीला कधी बाई लावली नाही. पहाटे उठायचं, केर काढायचा, बादलीत पाणी, फडकं, आणि मागे मागे सरकत सगळं घर. तिच्या लहानपणी गावच्या घरी सारवण होतं. तिथे माडीची जमीन खरं तर लाकडाचीच होती, पण फळ्यांवर मातीचा थर आणि त्यावर शेणाचा हात. लाकडावर कुणी थेट पाय ठेवत नसे. म्हणजे पिढ्यानपिढ्या आमच्याकडे जमीन ओली केली की स्वच्छ होते. इकडे ओली केली की खराब होते, हे तिला कसं सांगायचं?

"अगं, पण पाणी नाही तर घाण जाणार कुठे?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं, की घाण म्हणजे मुख्यतः रेती आणि धूळ, आणि ती कोरडीच काढायची असते. बुटाखालून आलेला रेतीचा कण लाकडावर सँडपेपरचं काम करतो, म्हणून सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे दारातलं पायपुसणं. त्यानंतर खुर्च्यांच्या पायांखाली नमद्याच्या चकत्या. मग मऊ कोरडा मॉप. ओलं फडकं लागलंच तर इतकं घट्ट पिळलेलं, की मागे राहिलेला ओलावा मिनिटाभरात उडून जावा. व्हिनेगर नको, पॉलिशची चमक जाते. वर पॉलिश शाबूत आहे की नाही हे बघायला कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाकायचा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर ठीक, लाकूड काळपट होऊन तो आत गेला तर पॉलिश संपलं.

हे सगळं मी आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी मीटिंगमध्ये असताना बादली घेऊन बसली.

मला राग आला नाही असं नाही. पण मी हिशेबी माणूस, आधी हिशेब केला. लाकूड हवेतली आर्द्रता शोषतं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. माझ्या घरात जानेवारीत रेडिएटर चालू असताना आर्द्रता २० टक्क्यांवर येते आणि जुलैत ६०च्या वर जाते. तेवढ्या फरकानं सव्वादोन इंची पट्टी साधारण एक मिलिमीटर हलते. बारा फुटी खोलीत अशा चौसष्ट पट्ट्या, म्हणजे सगळ्या मिळून सहा सेंटिमीटर! हिवाळ्यात फटींमध्ये क्रेडिट कार्ड उभं राहतं, उन्हाळ्यात नखही जात नाही. (त्या फटी हिवाळ्यात लांबी भरून बुजवायच्या नसतात, उन्हाळ्यात पट्ट्या ती दाबून वर काढतात.) ही झाली जमिनीची नेहमीची हालचाल. पण रोज पाणी फटींतून खाली गेलं, तर पट्टी खालून फुगते, कडा वर उचलल्या जातात आणि प्रत्येक पट्टीची पन्हळ होते. शिवाय ओकमध्ये टॅनिन असतं. त्याला लोखंडी खिळा आणि पाणी मिळालं की काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस घालून पूर्वी शाई करायचे, तीच रसायनं.

घासून नवं पॉलिश करता येतं, पण तेही मोजून. पट्टी पाऊण इंच जाडीची असली तरी घासण्याजोगं लाकूड खाचेच्या वरचंच, पाव इंचाच्या आसपास. आमच्या स्वयंपाकघराच्या दारात आत्ताच दोन-तीन खिळ्यांची डोकी दिसतात. शंभर वर्षं लोक तिथून ये-जा करताहेत.

इथल्या कायद्यानं वापरातल्या साध्या झिजेचे पैसे डिपॉझिटमधून कापता येत नाहीत, नुकसानीचे येतात. पण डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याएवढं, गेलं तर गेलं. मला काळजी वेगळीच होती. आई दिवसभर घरात एकटी, बोलायला कुणी नाही, गाडी येत नाही. बाबांच्या आजारपणाच्या दोन वर्षांतही तिनं ज्याला खाडा केला नव्हता, असं हे एकच काम. आणि मी तिला ते करू नको म्हणत होते.

बाथरूम टाइल्सचं आहे, तिथे कर, म्हटलं. तर तिथे मोरीच नाही! अमेरिकेतल्या बाथरूमच्या जमिनीत पाणी जायला जागा नसते. "मग हे बाथरूम कसलं?" ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी तिलाच सापडलं. मागच्या दाराबाहेर लाकडी ओटा आहे. रंग दिलेला, पावसासाठीच बांधलेला, बाहेरच्या बाजूला उतार असलेला. एका सकाळी मी उठले तर ती तिथे बादलीभर पाणी ओतून खराट्यानं झाडत होती. मग तेच चालू राहिलं. आतली जमीन तिनं कोरड्या मॉपवर सोडली, मात्र मॉपला शेवटपर्यंत नाव ठेवलं : "हे नुसतं गोंजारणं आहे." पायऱ्यांवर रांगोळी यायला लागली. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई ती बघायला थांबू लागल्या. दोघींची भाषा जुळत नव्हती, तरी ऑगस्टपर्यंत त्या टोमॅटो आणून द्यायला लागल्या होत्या.

ऑक्टोबरमध्ये ती परत गेली. जानेवारीत फटी उघडल्या तेव्हा स्वयंपाकघरातल्या फटींमध्ये मोहरी दिसली, ओळीनं. व्हॅक्यूमच्या टोकदार नळीनं निघते. मी थोडी काढली आहे. खिडकीशी तिचे देव होते, तिथे हळदीचा एक डागही आहे, वाटीएवढा. त्याला मात्र काही लावायचं नाही. हळदीचा रंग उन्हात उडतो आणि त्या खिडकीत सकाळी नऊ ते अकरा ऊन असतं. आईला फोनवर हे सांगितलं, तर म्हणाली, ओल्या फडक्यानं तेव्हाच गेला असता.